डेव्हिसच्या विद्यापीठात सायकल: उजवी बाजू, डावा ब्रेक आणि दिव्याचे चलन

मी मूळची नाशिक जिल्ह्यातील. घरची द्राक्षबाग असल्यामुळे फळशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे ठरवले आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २०२३ रोजी कॅलिफोर्नियातील डेव्हिस या गावी आले. प्रवेश, व्हिसा, शुल्क, घर या सगळ्यांविषयी आधीच्या मुलामुलींनी भरपूर लिहून ठेवले होते आणि त्याचा मला फार उपयोग झाला. परंतु पोहोचल्यानंतर पहिल्या आठवड्यातच ज्या गोष्टीने मला सर्वाधिक घाबरवले, त्या सायकलविषयी मात्र मराठीत काहीही वाचायला मिळाले नव्हते. पहिल्या तीन महिन्यांत मला जे करावे लागले, त्यात जे चुकले आणि त्यासाठी जो खर्च आला, ते सगळे येथे क्रमाने लिहिते आहे.

डेव्हिसला सायकल ही हौस नाही, ती तिथली रोजची व्यवस्था आहे. सॅक्रामेंटो खोऱ्यातील हे गाव पाटासारखे सपाट आहे, पाऊस हिवाळ्यातच पडतो आणि विद्यापीठाच्या मधल्या भागात खासगी मोटारींना प्रवेश नाही. १९६० च्या दशकात एमिल म्राक हे येथे कुलप्रमुख असताना विद्यापीठाची आखणीच सायकल डोळ्यांसमोर ठेवून झाली. त्याच काळात फ्रँक चाइल्ड हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नी ईव्ह चाइल्ड यांनी नेदरलँड्समध्ये पाहिलेली पद्धत येथे आणण्यासाठी गावकऱ्यांना एकत्र केले आणि १९६७ मध्ये अमेरिकेतील पहिल्या बाइक लेन, म्हणजे रस्त्यावर सायकलींसाठी राखलेले पट्टे, याच गावात आखल्या गेल्या. माझी खोली रसेल बुलेवार्डच्या पश्चिम टोकाकडे, विभागापासून सुमारे तीन किलोमीटरवर होती. बस होती, पण प्रयोगशाळेचे काम रात्री कधी संपेल याचा नेम नसल्यामुळे बसवर विसंबून राहणे शक्य नव्हते. मी शेवटची सायकल दहावीत असताना चालवली होती, तीही शाळेच्या रस्त्याने, जिथे मागून येणारा ट्रॅक्टर हेच काय ते वाहन असे.

विभागातील एक मराठी सीनियर ताई, जी तेव्हा पीएचडीच्या चौथ्या वर्षाला होती, तिने मला पहिल्याच दिवशी सांगितले, "अगं, सायकल घ्यायची घाई करू नकोस. आधी दोन दिवस नुसती उभी राहून सर्कल बघ." तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. दुसऱ्या दिवशी मी शील्ड्स लायब्ररीच्या बाजूला उभी राहिले. सत्र अजून सुरू झाले नव्हते, तरीही सायकलींचा ओघ पाहून छातीत धडधड झाली. येथे चौकांच्या जागी केवळ सायकलींसाठी बांधलेली छोटी सर्कले आहेत, त्यांत कोणी सिग्नल लावत नाही, पोलीस उभा नसतो, आणि तरीही माणसे एकमेकांना न धडकता सरकत राहतात.

सायकल मी १६ सप्टेंबरला घेतली. पदवी पूर्ण करून गाव सोडणाऱ्या एका मुलाकडून ती १४० डॉलरला मिळाली. जुनी सायकल घेताना मी केलेल्या तीन गोष्टी सांगते. पहिली म्हणजे सायकल उलटी करून, दोन्ही पायडल जिथे जोडलेले असतात त्या नळीच्या खाली कोरलेला अनुक्रमांक वाचला आणि चोरीच्या सायकलींच्या ऑनलाइन यादीत तो शोधून पाहिला. दुसरी म्हणजे विकणाऱ्याकडून साध्या कागदावर त्याचे नाव, माझे नाव, अनुक्रमांक, रंग, किंमत आणि तारीख लिहून त्याची सही घेतली. त्याने हसतच सही केली, पण हा कागद पुढे दोनदा उपयोगी पडला. तिसरी म्हणजे उंची. सीटवर बसून ब्रेक लावल्यावर एक पाय जमिनीवर टेकवून सायकल सरळ उभी धरता आली पाहिजे, असे कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यातच लिहिलेले आहे. मला आधी दाखवलेली स्वस्त सायकल याच कारणाने मी नाकारली, कारण तीवर माझे पाय पोहोचत नव्हते.

त्याच कायद्याच्या कलम २१२०१ मध्ये सायकलीला काय काय असावे हे दिलेले आहे आणि नवीन आलेल्या प्रत्येकाने ते एकदा तरी वाचावे असे मला मनापासून वाटते, कारण तीन-चार परिच्छेदांचाच तो मजकूर आहे. कोरड्या, सपाट, स्वच्छ रस्त्यावर ब्रेक लावल्यावर निदान एक चाक जागच्या जागी थांबून घासले गेले पाहिजे. अंधारात चालवायची असेल तर पुढे पांढरा दिवा हवा आणि तो समोरून व बाजूंनी ३०० फुटांवरून, म्हणजे सुमारे ९१ मीटरवरून दिसला पाहिजे. मागे लाल रिफ्लेक्टर हवा, जो मोटारीच्या दिव्यात ५०० फुटांवरून दिसेल. पायडलना किंवा पायांना पांढरे अथवा पिवळे रिफ्लेक्टर हवेत, आणि बाजूंनीही रिफ्लेक्टर हवेत. मी हे सगळे सप्टेंबरमध्ये वाचले होते. त्या महिन्यात संध्याकाळी सातपर्यंत उजेड असे, म्हणून पुढच्या दिव्याची खरेदी मी पुढे ढकलली. ही या सगळ्या हकिकतीतील माझी सर्वांत मोठी चूक होती.

घेतलेल्या सायकलीचे ब्रेकचे रबर झिजलेले होते आणि चेन गंजलेली होती. विद्यापीठात सायलो इमारतीजवळ 'बाइक बार्न' नावाचे विद्यार्थी संघटनेने चालवलेले दुरुस्तीचे दुकान १९७१ पासून आहे, आणि स्वतःच्या हाताने दुरुस्ती शिकायची असेल तर त्यासाठीही विद्यापीठात सोय आहे. सत्र सुरू होण्याच्या तोंडावर सगळीकडेच गर्दी असते. माझी सायकल १८ सप्टेंबरला दुरुस्तीला गेली आणि २१ तारखेला परत मिळाली. चेन, चारही रबर आणि एक ट्यूब मिळून ६२ डॉलर झाले. सत्राच्या दोन आठवडे आधी हे काम उरकले तर थांबावे लागत नाही. हेल्मेट ३५ डॉलरचे घेतले. कॅलिफोर्नियात अठरा वर्षांखालील मुलांनाच सायकलवर हेल्मेट सक्तीचे आहे, मोठ्यांना नाही. तरीही ताईने ते घ्यायला लावले आणि पुढे जे घडले ते पाहता तिचे उपकार मी विसरणार नाही.

नोंदणीविषयी माझा बराच गोंधळ झाला. जुन्या माहितीपत्रकांत सायकलीला परवाना घ्यावा लागतो, त्याचा स्टिकर फ्रेमवर लावावा लागतो, असे लिहिलेले सापडते. ती माहिती आता शिळी झाली आहे. राज्यात नवा कायदा होऊन १ जानेवारी २०२३ पासून शहरांना आणि काउंट्यांना, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांना, सायकलीचा परवाना सक्तीचा करता येत नाही. मात्र सायकल चोरीला गेली आणि सापडली तर ती कोणाची हे सिद्ध करण्यासाठी अनुक्रमांक कोठेतरी नोंदवलेला असावाच लागतो. मी ऑनलाइन मोफत नोंदणी केली. त्यासाठी अनुक्रमांक, सायकलीचे दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो आणि ती माझी असल्याचा पुरावा एवढेच लागले. तो पुरावा म्हणजे विकणाऱ्याच्या सहीचा कागद. पंधरा मिनिटांत काम झाले.

कुलपासाठी मी ४८ डॉलर मोजले, तेव्हा सायकलीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पैसे कुलपात घालताना जीवावर आले होते. तारेचे कुलूप तार कापायच्या कातरीने सहज तुटते, म्हणून लोखंडाचे इंग्रजी यू अक्षरासारखे कुलूप घ्यावे. ते नुसते पुढच्या चाकातून घातले तर चोर चाक तिथेच सोडून बाकीची सायकल घेऊन जातो, कारण अनेक सायकलींचे पुढचे चाक एक खिट्टी फिरवली की हातात येते. कुलूप मागच्या चाकातून आणि फ्रेमच्या मागच्या त्रिकोणातून घालून रॅकला अडकवावे. झाडाला, जिन्याच्या कठड्याला किंवा व्हीलचेअरच्या उताराच्या दांडीला सायकल बांधू नये. अंध किंवा चाकाच्या खुर्चीवरील माणसाची वाट त्यामुळे अडते आणि अशी सायकल उचलून नेली जाते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. नियम वाचायला एक तास पुरतो, पण डोळ्यांची आणि हातांची सवय बदलायला अनेक आठवडे लागतात, आणि हा फरक मला कोणी आधी नीट समजावून सांगितला नव्हता. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो, हे लोक उजव्या बाजूने जातात, एवढे तर प्रत्येकालाच ठाऊक असते. त्यातून पुढे काय काय उलटते हे मात्र प्रत्यक्ष सायकलवर बसल्यावरच कळते. नाशिकला मायको सर्कलला आपण घड्याळाच्या काट्याप्रमाणे वळतो आणि शिरण्याआधी उजवीकडे बघतो, कारण धोका उजवीकडून येत असतो. डेव्हिसच्या सर्कलमध्ये सगळे काट्याच्या उलट दिशेने फिरतात, आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचे असते आणि शिरण्याआधी डावीकडे बघायचे असते. रस्ता ओलांडताना, मुख्य रस्त्याला लागताना, दोन लेनच्या मधून जाताना मान कोणत्या बाजूला आधी वळते ही गोष्ट आपण ठरवून करत नाही, ती आपोआप होते, आणि नेमके तेच बदलायचे असते.

दुसरे आहे ब्रेकचे. आपल्याकडच्या सायकलीला उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो आणि डाव्या हाताचा मागच्या चाकाचा. लहानपणी बाबांनी मला हेच शिकवले होते की घाईत डावा ब्रेक आधी दाबायचा, म्हणजे सायकल मागून थांबते आणि तोल जात नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सायकलींवर हे बरोबर उलटे असते; डावा हात पुढच्या चाकाचा, उजवा मागच्या चाकाचा. २३ आणि २४ सप्टेंबरला, शनिवारी आणि रविवारी, मी एका रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर सराव केला. गोल फिरले, हात दाखवून वळले, थांबले. ब्रेकचा फरक माझ्या लक्षात आला नाही, कारण मोकळ्या जागेत मी दोन्ही ब्रेक सावकाश आणि एकदमच दाबत होते. म्हणून माझे आग्रहाने सांगणे आहे की सायकल हातात आल्यावर आधी ती उभी करून एकेक ब्रेक दाबावा, कोणते चाक अडते ते पाहावे आणि मग रिकाम्या जागेत एकट्या उजव्या ब्रेकने थांबण्याचा निदान वीस-तीस वेळा सराव करावा.

वर्ग २७ सप्टेंबरला सुरू झाले. तास पन्नास मिनिटांचे असतात आणि दोन तासांच्या मध्ये दहा मिनिटे मिळतात, त्या दहा मिनिटांत हजारो मुले एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीकडे निघतात. पहिला आठवडा मी वीस मिनिटे आधी निघून गर्दी टाळली. ३ ऑक्टोबरला, मंगळवारी, प्रयोगशाळेतून निघायला उशीर झाला आणि बरोबर तास सुटण्याच्या वेळी मी हचिसन ड्राइव्हकडून येणाऱ्या वाटेने सर्कलशी पोहोचले. मान सवयीने उजवीकडे गेली, उजवीकडे कोणी नव्हते, म्हणून मी शिरले. डावीकडून एक मुलगी बऱ्याच वेगाने येत होती. ती ओरडली, तिचे पुढचे चाक माझ्या पायडलपासून हातभर अंतरावर मला दिसले आणि मी पूर्ण ताकदीने डावा ब्रेक आवळला. पुढचे चाक जागीच थांबले, मागचे उचलले गेले आणि मी हँडलवरून पुढे पडले. तळहात सोलवटले, उजवा गुडघा फुटला आणि हेल्मेटचा पुढचा भाग काँक्रीटवर घासला गेल्याचा आवाज मला आजही आठवतो. एकाच क्षणात दोन्ही जुन्या सवयी माझ्या विरोधात गेल्या होत्या.

ती मुलगी सायकल टाकून धावत आली. मागची मुले थांबली, दोघांनी माझी सायकल बाजूला घेतली, एकाने पाणी दिले. चूक माझी होती, मी तिची क्षमा मागितली, तिने मला आरोग्य केंद्रापर्यंत सोबत केली. मनगट मोडलेले नव्हते. जखमा धुऊन पट्ट्या बांधून घेतल्या. तेथील परिचारिकेने सांगितले की एकदा आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी आतील थर दबलेला असतो, म्हणून ते पुन्हा वापरू नये. दुसरे हेल्मेट घेतले, आणखी ३५ डॉलर. रात्री घरी फोन केला तेव्हा आईला काही सांगितले नाही, बाबांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मीच शिकवलं होतं ना तुला डावा ब्रेक." त्यांच्या आवाजातील ती काळजी मला पडण्याच्या दुखण्याहून अधिक लागली.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस मी सर्कल आले की उतरून, सायकल हाताने ढकलत कडेने चालत जात असे. त्यात कमीपणा काही नाही. उतरलेला माणूस पादचारी ठरतो आणि सगळे त्याला वाट देतात. डाव्या मुठीवर मी लाल चिकटपट्टी गुंडाळली होती, बोटे तिथे गेली की आठवण व्हावी म्हणून. मोठ्या रस्त्यावर डावीकडे वळायचे असेल तर वाहनांच्या मधल्या लेनमध्ये न जाता, सरळ पलीकडे जाऊन कोपऱ्यावर थांबावे आणि दुसऱ्या सिग्नलला पुन्हा सरळ निघावे, हे ताईने शिकवले. वेळ थोडा अधिक जातो, पण मागे वळून बघत तोल सांभाळावा लागत नाही. वळण्याआधीच्या १०० फुटांत हाताने इशारा द्यावा असे कायदा सांगतो. डावीकडे वळताना डावा हात आडवा पसरायचा, उजवीकडे वळताना उजवा हात आडवा पसरला तरी चालतो, आणि थांबताना डावा हात खाली करायचा.

ज्या बाबींवर नवीन मुले हमखास अडकतात त्यांपैकी पहिली म्हणजे लाल रंगाची थांबा पाटी. सायकलीलाही तेथे पूर्ण थांबावे लागते. सायकलस्वारांनी वेग कमी करून, पाहून पुढे जाण्याची मुभा देणारे विधेयक राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केले होते, पण २०२१ मध्ये राज्यपालांनी त्यावर सही करण्यास नकार दिला. म्हणून इतर मुले न थांबता जाताना दिसली तरी ते नियमाला धरून नाही. दोन्ही कानांत इअरफोन घालून सायकल चालवणे कायद्याने मना आहे, एका कानात चालते. मी एकातही घालत नाही, कारण मागून येणारा "ऑन युवर लेफ्ट" असे ओरडून पुढे जातो आणि तो आवाज ऐकू येणे आवश्यक असते. बाइक लेनमधून वाहतुकीच्या उलट दिशेने जाणे हा गुन्हा आहे, मग ते शंभर पावलांचे अंतर का असेना. दारू पिऊन सायकल चालवल्यास २५० डॉलरपर्यंत दंड होतो. चालण्याच्या वाटेवर सायकल चालवता येते की नाही हे राज्य ठरवत नाही, ते त्या त्या ठिकाणचे नियम ठरवतात, म्हणून पाट्या वाचाव्यात. मोटारींनी सायकलीला मागे टाकताना निदान तीन फूट अंतर ठेवले पाहिजे, हा नियम मात्र २०१४ पासून आपल्या बाजूने आहे.

ऑक्टोबरमध्ये तीन आठवड्यांत दोनदा पंक्चर झाले. दुसऱ्या वेळी टायरमधून काटा काढून तळहातावर घेतला तर तो आपला सराटा निघाला. बांधावर, पायवाटेवर पसरणारा, पिवळ्या फुलांचा, गोखरू म्हणून औषधात वापरला जाणारा तोच सराटा, जात तीच. येथे तो रस्त्यांच्या आणि लोहमार्गांच्या कडेला तण म्हणून वाढतो आणि सायकलवाले त्याच्या नावाने बोटे मोडतात. तो कसाही पडला तरी त्याचे एखादे टोक वर राहतेच. लहानपणी अनवाणी पायात शिरलेला काटा आठ हजार मैलांवर टायरमध्ये सापडला तेव्हा मला एकाएकी घराची फार आठवण आली आणि मी वाटेच्या कडेला बसून थोडी रडले. उपाय म्हणजे कडेच्या सुक्या तणातून सायकल ढकलत नेऊ नये, आणि ट्यूब जाड घ्यावी. मला दोन जाड ट्यूब २४ डॉलरला पडल्या आणि त्यानंतर हिवाळा संपेपर्यंत पंक्चर झाले नाही.

५ नोव्हेंबरला, रविवारी, घड्याळे एक तास मागे गेली. याचा सायकलीशी काय संबंध हे मला मंगळवारी, ७ नोव्हेंबरला कळले. त्या दिवशी सूर्य पाचच्या सुमारास मावळला. कायद्यात अंधार म्हणजे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंतचा काळ, आणि एरवीही १००० फुटांवरचे माणूस किंवा वाहन स्पष्ट दिसत नाही अशी कोणतीही वेळ. मी पावणेसहाला विभागातून निघाले, मागे लाल रिफ्लेक्टर होता, पुढे काही नव्हते. रसेल बुलेवार्डला लागल्यावर मागून दिवे लुकलुकले. पोलीस अधिकाऱ्याने थांबवले, शांतपणे कारण सांगितले आणि ओळखपत्र मागितले. माझे हात थरथरत होते. परदेशात पोलिसाने थांबवणे म्हणजे व्हिसावर गदा, हीच एक गोष्ट डोक्यात फिरत होती. त्याने लिहिलेले चलन माझ्यासमोर सहीसाठी धरले, तेव्हा मी विचारले की सही केली म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखे होते का. त्याने समजावले की ही सही गुन्ह्याची कबुली नाही, ठरलेल्या तारखेपर्यंत या चलनाचा निकाल लावीन एवढेच वचन आहे. मग त्याने एका चौकटीवर बोट ठेवले. दिवा नसणे ही दुरुस्त करता येण्याजोगी त्रुटी आहे, दिवा लावून तो कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला दाखवला आणि चलनाच्या मागे त्याची सही आणली की न्यायालयात २५ डॉलर भरून प्रकरण संपते. ती चौकट त्याने खूण करून दिली होती. तिथून घरापर्यंत मी सायकल ढकलत नेली.

बुधवारी दिवे घेतले. पुढचा आणि मागचा जोड, तारेने चार्ज होणारा, ३२ डॉलर. गुरुवारी दिवसभर प्रयोगशाळेत होते. शुक्रवारी, १० नोव्हेंबरला, माजी सैनिक दिनाची सरकारी सुट्टी होती, हे पोलीस ठाण्याच्या दारापर्यंत गेल्यावर कळले. अमेरिकेत सुट्टीचा दिवस शनिवारी आला की बऱ्याचदा सरकारी कचेऱ्या आदल्या शुक्रवारी बंद राहतात, हे ध्यानात ठेवावे. सोमवारी, १३ तारखेला, सायकल घेऊन गेले. खिडकीवर दहा मिनिटे थांबल्यावर एक अधिकारी बाहेर आल्या, त्यांनी पुढचा दिवा स्वतः लावून पाहिला, मागच्या रिफ्लेक्टरवर बोट फिरवले आणि चलनाच्या मागे नाव, क्रमांक, तारीख लिहून सही दिली. त्याला काही शुल्क पडले नाही. त्याच दिवशी मी त्या कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवले.

आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयातही मी भेटीची वेळ घेऊन गेले. सल्लागार बाईंनी चलन वाचले आणि सांगितले की ही अटक नाही, पण चलन, दुरुस्तीची सही आणि पैसे भरल्याची पावती हे तिन्ही कागद कायम जपून ठेवावेत, आणि तारीख चुकवू नये. चलनावरची तारीख जानेवारीतील होती. न्यायालयाकडून टपालाने येणारी सूचना मला ९ डिसेंबरला मिळाली. ती येईपर्यंतचे चार आठवडे मी रोज संध्याकाळी टपालपेटी उघडून बघत होते. माझा पत्ता चलनावर खोलीच्या क्रमांकासह नीट लिहिलेला आहे ना, हे मी सही करताना तपासले नव्हते. तुमच्यावर तशी वेळ आली तर ते तिथेच तपासा.

परीक्षा संपल्यावर १८ डिसेंबरला मी वुडलँडला गेले, कारण काउंटीचे न्यायालय तेथे आहे. पैसे टपालानेही पाठवता आले असते, परंतु मला शिक्का मारलेली पावती हातात हवी होती. सायकल डेव्हिसच्या बस थांब्यावरील रॅकला दोन्ही चाकांतून बांधली आणि दिवे काढून पिशवीत टाकले. खिट्टीने काढता येणारा दिवा सायकलवर सोडून जाऊ नये. न्यायालयात शिरताना पिशवी तपासतात, माझ्याकडे सायकलचा लहान पाना होता तो दारावर सुरक्षारक्षकाकडे ठेवावा लागला, म्हणून असली हत्यारे घरीच ठेवावीत. मी परत निघाले तेव्हा त्याने समजूतदारपणे तो दिला. रांगेत चाळीस मिनिटे गेली. माझ्या पुढे एक आजोबा मोटारीच्या फुटलेल्या दिव्याचे असेच चलन घेऊन उभे होते, आम्ही दोघांनी आपापले कागद एकमेकांना दाखवले. खिडकीतील बाईंनी सही पाहिली, २५ डॉलर घेतले, संगणकात काही नोंदवले आणि पावती दिली. आणखी कोठे जायचे का, असे विचारल्यावर त्यांनी मान हलवून नाही म्हटले.

सप्टेंबर ते डिसेंबर माझा एकूण खर्च झाला तो असा: सायकल १४०, दुरुस्ती ६२, कुलूप ४८, दोन हेल्मेट ७०, ट्यूब २४, दिवे ३२ आणि न्यायालयाचे २५, म्हणजे ४०१ डॉलर. यातील ६० डॉलर, दुसरे हेल्मेट आणि न्यायालयाची रक्कम, टाळता आले असते.

परतीची बस साडेतीनला डेव्हिसला पोहोचली. त्या खोऱ्यात हिवाळ्यात जमिनीलगत दाट धुके बसते, स्थानिक लोक त्याला टुली धुके म्हणतात, आणि त्या दिवशी ते दुपारीच उतरले होते. रस्त्यापलीकडचे झाड दिसत नव्हते. सूर्यास्ताच्या हिशेबाने अंधाराला अजून दीड-दोन तास अवकाश होता, पण एवढ्या धुक्यात कायद्याच्या व्याख्येप्रमाणे तो अंधारच होता. मी पावती पासपोर्टच्या पाकिटात ठेवली, पिशवीतून दोन्ही दिवे काढले, पुढचा हँडलवर घट्ट बसवला, मागचा सीटच्या नळीवर लावला, दोन्ही सुरू केले, एकदा उजवा ब्रेक दाबून पाहिला आणि घरी निघाले.